माझ्या उंचीची चावी

सकाळी दहाला दारूखान्यात पोचले.
डब्यात चपाती नव्हती, कणकेचा गोळा होता,
त्यात पहाटे दाबून आणलेला
घोडपदेवच्या तिसऱ्या व्हॉल्व्हचा माथा :
चौकोन, नावापुरता.
एक कोपरा इंग्रजाच्या वेळचा, शाबूत.
बाकीचे तीन आमच्या खात्याने झिजवलेले.

इद्रीस मिस्त्रीने झाकण उघडलं, हुंगलं,
"मीठ घातलंयस की नाही?"
मग दोन काळ्या बोटांनी
त्या खळग्याच्या कडा मोजत बसला.
"सुकून आत ओढलंय. एक सूत वाढवून धरतो."

नागदेवीला तयार मिळते, पाहून आले होते.
पोपटी रंग दिलेली, गुळगुळीत.
दुकानदार म्हणाला, सगळ्या व्हॉल्व्हना बसते.
जी सगळ्यांना बसते
ती घोडपदेवला नुसतीच गरगरते,
हे त्याला काय सांगायचं.

अण्णांची चावी माझ्या हनुवटीला लागते.
साडेचार फूट लोखंड, वर आडवा दांडा,
त्यांच्या छातीच्या बेताने केलेली.
ते गेले, वारसाने नोकरी आली,
खाकी शर्ट आला, चावी आली,
उंची तेवढी आईची राहिली.
दोन महिने मी चवड्यांवर उभी राहून
तीन गल्ल्यांना पाणी सोडलं.
मुकादम घाग म्हणाले, एक माणूस घे हाताखाली.
मी म्हटलं, चावी कापून घेते.
"ती खात्याची आहे."
मग दुसरी करते. माझ्या पैशांनी.
घाग यावर काही बोलले नाहीत,
रजिस्टरमध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

मिस्त्रीने ढिगातून एक सळी ओढली.
"जहाजाच्या शिडीची. गोदीत शिरलं तेव्हा अख्खं होतं."
गोदीच्या दरवाजाला म्हणे
चौघांनी मिळून फिरवायची चावी असायची,
त्याच्या आज्याने एकदा तिचा दांडा सरळ करून दिला होता.
"समुद्र आत घ्यायचे आणि कोंडायचे.
बाहेर ओहोटी, आत बोटी तरंगतायत.
तुझं काम त्यातलंच. दरवाजा तेवढा बारीक."

मग म्हणाला, उभी राहा.
सुतळीचं एक टोक माझ्या चपलेखाली,
दुसरं माझ्याच हातात दिलं.
"जोर कुठून लावतेस? तिथे धर."
इतक्या वर्षांत कुठल्या शिंप्याने
मला हे विचारलं नव्हतं.
मी जरा वेळ घेतला.
धरली. बरगडीच्या खाली, चार बोटं.
त्याने तिथे गाठ मारली.

भट्टीपुढे बसायला तेलाचा डबा दिला.
लोखंड आधी लाल, मग संत्र्यासारखं,
मग बघवेना.
चौकोनी ठोकळ्यावर ते घडी पडत गेलं
तिथून ठिणग्या माझ्या सलवारीपर्यंत आल्या.
सतराशे म्हणाला, पंधराशे घेतले.
गोळा परत दिला नाही,
निखाऱ्याच्या कडेला भाजत ठेवला :
"माप आहे. परत लागेल. तू काय एकदाच झिजवणार?"

दुसऱ्या दिवशी चार वाजून दहा मिनिटं.
पहारीने झाकण उचललं,
झुरळं बाजूला झाली, सवयीने.
चावी खाली सोडली.
टक्.
अण्णांच्या वहीत लिहिलंय :
तिसरा. उलटा. एकवीस आटे. विसावा रुसतो.
एक, दोन, पाच. टाचा जमिनीवर.
बारा. खांद्यात काही दुखत नाही याचंच
जरा चुकल्यासारखं वाटलं.
विसावा रुसला.
मी थांबले, दांड्याला कान लावला,
जहाजाच्या त्या लोखंडातून वर आली
खालून सरकणाऱ्या पाण्याची घरघर,
झोपेत कूस बदलावी तशी.

एकविसावा.
आणि वर अर्धा, जो वहीत नाही.

तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं,
"आज पाच मिनिटं आधी कसं गं? पिंप धुवायचंय अजून!"
आत कुणाची तरी बादली आपटली, शिवी आली.
मी वहीत खाली पेन्सिलने
साडेएकवीस लिहिलं,
चावी खांद्यावर घेतली. अजून थोडी गरम वाटली,
नसेल, पण वाटली.
चौथ्या व्हॉल्व्हकडे निघाले. तो सुलटा आहे.